अजून कोणी बोललं नाही

समोर बसलेल्या माणसालाही सर तीनदा हाक मारत. माझी खुर्ची त्यांच्या टेबलापासून हातभर अंतरावर होती. ते "मॅडम" म्हणायचे आणि थांबायचे. मी वळून बघत असले तरी पुन्हा "मॅडम", पुन्हा थांबणं. तिसरी हाक झाल्यावरच कामाचं बोलायचे. नवीन माणसाला वाटायचं, हा आपली टिंगल करतोय. जुन्यांना सवय झाली होती, पण एकूण ऑफिसात कोणी त्यांच्याजवळ फार वेळ रेंगाळत नसे. हाका मारताना ते तुमच्या तोंडाकडे बघत नसत. नजर तुमच्या खांद्यावरून मागे कुठेतरी लागलेली असायची, जणू तुमच्या पाठीशी उभं असलेलं कोणीतरी ओ देईल.

आमचं ऑफिस लातूरला, ट्यूशनवाल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर फिजिक्सचा क्लास चालायचा आणि तिथल्या मास्तरांचा माईक एवढा दणदणीत होता की गुरुत्वाकर्षण फरशीतून वर यायचं. त्या गोंगाटात सर शांत बसून कोड काढायचे. कोड म्हणजे चार अक्षरांची खूण. प्रसूतीच्या दवाखान्यांत आईच्या आणि बाळाच्या मनगटाला जी पट्टी बांधतात, तिच्यावर छापायची. आईला आणि तिच्या बाळाला एकच खूण, आणि ती दुसऱ्या कोणालाही नाही. अशा खुणा काढून देणारं सॉफ्टवेअर सरांनी एकट्याने लिहिलं होतं. खूण एवढी छोटी का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, लांबलचक नंबर कोणी वाचत नसतं, शेवटचे दोन आकडे बघून मान हलवतात. वॉर्डाच्या दारात उभं राहून ओरडता आली पाहिजे अशी खूण हवी. शून्य आणि ओ सारखे दिसतात म्हणून दोन्ही काढून टाकले होते, एक आणि आयसुद्धा.

माझं काम या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहायचं. नांदेड, लातूर, देगलूरच्या दवाखान्यांतल्या नर्सबाईंना समजेल अशी, मराठीत.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी पत्रकांवर वाढले. नांदेडला आमच्या दोन खोल्यांच्या घरात पलंगाखाली धान्याच्या डब्यांबरोबर पत्रकांचे गठ्ठे असायचे. जातीविरुद्धची, हुंड्याविरुद्धची, अंगात येणाऱ्या देवांविरुद्धची. बाबा ड्यूटी संपली की ती वाटायला जायचे आणि उरलेली मला वाचायला मिळायची. अंकलिपीच्या आधी मी "प्रश्न विचारा" हे दोन शब्द वाचायला शिकले. त्यामुळे माहितीपुस्तिकेत मी प्रत्येक नियमाखाली एक छोटा चौकोन ठेवला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'का?' ज्या नियमाचं कारण सांगता येत नाही तो नियम नसतो, धाक असतो. हे मी मालकांना ठणकावून सांगितलं होतं आणि ते हसून हो म्हणाले होते.

सगळे चौकोन भरले. एकच रिकामा राहिला.

नवी खूण काढली की सॉफ्टवेअर ती लगेच छापत नसे. नोंदी जिथे ठेवल्या असतील त्या मशीनला आधी विचारायचं, ही खूण कोणाकडे आहे का? उत्तर आलं नाही तर थोडं थांबून पुन्हा विचारायचं. तरी नाही आलं तर आणखी थांबून तिसऱ्यांदा. सरांनी पडद्यावर त्या वेळी जो मजकूर टाकला होता तोही विचित्र होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यायचं, "कोणी आहे का?" मग पुन्हा तेच, मग पुन्हा. तोवर प्रिंटर ताटकळत उभा. चाचणी चालू असली की सर आम्हाला पंखा बंद करायला लावायचे आणि तिसऱ्या प्रश्नानंतर मान तिरकी करून कान मशीनकडे न्यायचे. मशीनचं उत्तर आवाजात येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी ते ऐकायचे. भर दुपारी, खाली माईक चालू असताना, पंखा थांबलेल्या त्या खोलीत आम्ही चार-पाच जण उगीच श्वास धरून बसायचो. कशाची वाट बघत होतो, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

त्यांच्या बोलण्यात "कोणी नाही" हे दोन शब्द नव्हतेच. मीटिंगच्या खोलीत कोणी आहे का म्हणून विचारलं तर ते दार ढकलून आत बघायचे, रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवायचे आणि सांगायचे, "अजून कोणी बोललं नाही." ऑफिसातला चहावाला यावरून त्यांची नक्कल करायचा. रिकामी किटली उलटी धरून म्हणायचा, अजून चहा बोलला न्हाई. सगळे हसायचे. सरही हसायचे, पण जरा उशिरा.

मी त्यांना त्या तीन हाकांचं कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडली माणसं पहिल्या हाकंला ओ देत न्हाईत."

मला संताप आला. ही समजूत मला पाठ होती. दिवस मावळल्यावर बाहेरून कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. एक-दोनदा हाक मारणारं माणूस नसतं, तिसऱ्यांदा मारतं ते माणूस. आमच्या पलंगाखाली या एका समजुतीवरचं आख्खं पत्रक होतं. मी सरांना म्हटलं की पोरांना, बायाबापड्यांना भुतांनी आधीच पुष्कळ घाबरवून ठेवलंय, आता तुम्ही भुताला कॉम्प्युटरात नेऊन बसवताय, आणि मी ते माझ्या पुस्तिकेत छापणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत एवढंच म्हणाले, "मग तो चौकोन राहू द्या तसाच."

मालकांना या भांडणात माझी बाजू सोयीची वाटली. नर्सबाईंची तक्रार होतीच की पट्टी छापायला वेळ लागतो. देगलूरच्या एका खासगी दवाखान्यात सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवायचं ठरलं होतं, आणि मालकांना तिथे सगळं झटपट चाललेलं हवं होतं. त्यांनी ऑफिसातल्या दुसऱ्या प्रोग्रामर मुलाला सांगून तीन हाकांची एक करून घेतली. एकदा विचारायचं. उत्तर आलं नाही तर खूण मोकळी आहे असं धरून छापायचं. सरांना ते लातूरहून निघताना गाडीत कळलं. उदगीर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मग ड्रायव्हरला एकदाच म्हणाले, जरा हळू चला.

देगलूरचा दवाखाना दोन मजली. खाली ऑपरेशन आणि बाळंतपणाच्या खोल्या, पट्ट्या छापायचं मशीन तिथेच. वर वॉर्ड, बाळांना उबेत ठेवायची काचेची खोली, आणि सगळ्या नोंदी ठेवणारं दुसरं मशीन. सकाळी एक बाई बाळंतपणातून मोकळी झाली, मुलगी झाली, पट्टी फटक्यात छापली गेली. डॉक्टर खूश, मालक फोनवर खूश. मी वरच्या व्हरांड्यात नर्सबाईंना पुस्तिका समजावून सांगत होते. मधेच लाईट गेली. थोड्या वेळाने आली. खाली एका बाईचं सिझर झालं होतं, तिलाही मुलगी झाली. तिची पट्टी छापली, खूण वाचून दाखवत आईच्या मनगटाला बांधली, बाळाच्याही. आईला वर वॉर्डात आणलं. बाळाला पुसून, वजन करून मागाहून वर आणायचं होतं.

लाईट आल्यापासून सर वॉर्डाच्या दारात उभे होते. कोणी त्यांना तिथे बोलावलं नव्हतं. नुकतीच छापलेली खूण त्यांनी नर्सकडून विचारून घेतली आणि दारातूनच पुकारली. "टी चार के नऊ."

दाराजवळच्या पहिल्याच खाटेवरच्या बाईने हात वर केला. सकाळी मोकळी झालेली. तिची नणंद म्हणाली, "हाय की, हितंच हाय."

नर्स म्हणाली, झालं ना सर. ती हसली आणि तिच्यामागे उभी असलेली मीही हसले.

सरांनी पुन्हा हाक मारली. पहिल्या खाटेवरच्या बाईने पुन्हा हात वर केला, या वेळी जरा वैतागून. नणंद आमच्याकडे बघून बोटाने डोक्याजवळ गोल काढू लागली. वॉर्डात कोणीतरी फिस्सकन हसलं. सर मात्र तिच्याकडे बघत नव्हते. ते त्या सगळ्या खाटांच्या पलीकडे बघत होते, पार शेवटच्या हिरव्या पडद्याकडे. त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली. आवाज तेवढाच, ना मोठा ना छोटा.

पडद्याआडून एक अगदी बारीक आवाज आला. "नेने."

तेलुगूत 'मीच' म्हणाली ती. देगलूरात ते सगळ्यांना समजतं. पहिल्या खाटेवरच्या बाईचा हात अजून वरच होता.

नर्सने धावत जाऊन पडदा ओढला. सिझर झालेली बाई ग्लानीत पडली होती, आणि तिच्या मनगटावर तीच खूण होती, टी चार के नऊ. त्याच क्षणी दुसरी नर्स जिना चढून तिची मुलगी घेऊन आली. काचेच्या खोलीचं दार तिने कोपराने ढकललंसुद्धा होतं. आत सकाळची मुलगी झोपलेली होती, तीच पट्टी बांधून. सर तिला एवढंच म्हणाले, "बाई, तिथंच थांबा. आत जाऊ नका." ती बाळाला छातीशी धरून उंबऱ्यावर खिळली. आणखी दोन पावलं टाकली असती तर दोन मुली एकाच खुणेखाली शेजारी शेजारी निजल्या असत्या, आणि पुढे दूध पाजायच्या वेळी कोणी कोणती उचलली असती, हे सांगायला दोन सारख्याच पट्ट्यांशिवाय काही उरलं नसतं.

झालं काय होतं ते मागाहून समजलं आणि त्यात भूतबित काही नव्हतं. खालच्या मशीनमधला घड्याळाचा सेल संपलेला होता. लाईट गेली की ते दरवेळी त्याच जुन्या तारखेला जागं व्हायचं आणि खुणा तारीख-वेळेवरून निघत असल्यामुळे त्याच खुणा त्याच क्रमाने पुन्हा काढायचं. म्हणून दुसऱ्या मुलीसाठी त्याने सकाळचीच खूण काढली. वरच्या मशीनला विचारलंही, पण लाईट गेल्यामुळे ते मशीन अजून सुरू होत होतं. एकदा विचारलं, उत्तर नाही आलं, म्हणजे कोणी नाही असं धरलं आणि छापलं. आणखी दोनदा विचारलं असतं तर तोवर वरचं जागं झालं असतं.

पण मला त्या वेळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पडद्याशी गेले. सिझर झालेल्या बाईच्या उशाशी तिची आई बसली होती, लुगड्याचा पदर तोंडावर धरून. मी तिला विचारलं, मावशी, आधीच्या दोन हाका ऐकू आल्या नाहीत का तुम्हाला?

"आल्या की," ती म्हणाली. "म्याच म्हनलं, गप ऱ्हा. बाळंतीण हाय ती. तिसरी येऊ दे."

माझ्याकडे तिला सांगण्यासारखं एक आख्खं पत्रक होतं. मला त्यातली एकही ओळ आठवेना.

परतीच्या वाटेवर उदगीरजवळ ड्रायव्हर चहाला उतरला. गाडीत आम्ही दोघंच होतो, आणि सर मला पहिल्यांदाच मॅडम न म्हणता माय म्हणाले. मला त्यांनी फार थोडक्यात सांगितलं. भूकंप झाला तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांच्या गावात दगडमातीची घरं, सगळी बसली. ते आणि आई बाहेर निघाले. धाकटी बहीण आत राहिली. दिवस उजाडल्यावर बाहेरगावची माणसं आली, ढिगाऱ्या-ढिगाऱ्यावर उभी राहून हाका मारत पुढे जाऊ लागली. जिथून आवाज येईल तिथे खणायचं. आवाज नाही आला तर पुढचा ढिगारा. फार ढिगारे होते, माणसं थोडी होती, त्यांचा दोष नव्हता असं सर दोनदा म्हणाले. बहिणीचं नाव त्या माणसांनी आईकडून विचारून घेतलं. दोन हाका मारल्या. आणि पुढे गेले.

"आईनं शिकवल्यालं होतं आमाला," सर म्हणाले. "तिसऱ्या हाकंशिवाय ओ द्यायची न्हाई. लई शहाणी पोरगी होती. आईचं ऐकायची."

मी विचारलं, तुम्ही का नाही मारली तिसरी?

"तोंडात माती होती, माय. आवाज फुटला न्हाई. मग यंत्र आलं, सपाट करून गेलं. नंतर मारायची तर भ्या वाटतं. तिसऱ्या हाकंला बी कोनी बोललं न्हाई, तर मग संपलंच ना."

आई होती तोवर तिने मुलीचा दहावा घातला नव्हता. सरांनीही नाही.

मला त्या दिवशी कोणाचा राग धरावा ते कळेना. त्या समजुतीने एक मुलगी गप्प ठेवली होती, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण दोन हाकांत माणूस नाही असं ठरवून पुढे जाणारं जे काही असतं, घाई म्हणा, व्यवस्था म्हणा, मालक म्हणा, त्याच्यावरचं पत्रक मी कधी वाचलं नव्हतं. ते कोणी लिहिलेलंच नव्हतं.

देगलूरनंतर मालकांनी तीन हाका मुकाट परत घातल्या. मी तो रिकामा चौकोन भरला. लिहिलं की उत्तर न येणं म्हणजे कोणी नसणं नव्हे. समोरचं मशीन बंद असेल, उशिरा जागं होत असेल, त्याला बोलायला वेळ लागत असेल, म्हणून तीनदा विचारायचं. पण खाली मी आणखी एक नियम घातला, कारण सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. सरांनी अशी सोय ठेवली होती की दोन हाकांनंतर एखादी खूण तशीच लटकत ठेवता येईल. ना दिलेली, ना मोकळी. पडद्यावर तिच्यापुढे 'थांबली आहे' असं यायचं, आणि वर्षानुवर्षं येत राहिलं असतं. मी लिहिलं, "तिसरी हाक मारलीच पाहिजे आणि त्यानंतर निर्णय घेतलाच पाहिजे. कोणतीही नोंद कायमची थांबवून ठेवता येणार नाही."

मसुदा सरांनी वाचला. त्या वाक्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, हे काढता येईल का?

मी नाही म्हटलं. मला ठाऊक होतं मी कोणाला नाही म्हणतेय. पण नर्सबाईंसाठी एक नियम आणि सरांसाठी दुसरा, असं मला लिहिता येत नव्हतं. मी कारण सांगितलं. थांबलेली नोंद कोणाचीच राहत नाही सर, आणि कोणाला देताही येत नाही.

"हाव," ते म्हणाले. "छापा."

पुस्तिका छापून आली त्या आठवड्यात एका दुपारी ते म्हणाले, जरा माझ्याबरोबर चला. त्यांच्या मोटरसायकलवर आम्ही गेलो. त्यांचं नवं गाव रस्त्यावरच लागतं, सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्यांचं. तिथे ते थांबले नाहीत. पुढे कच्च्या वाटेने जुन्या गावाच्या जागेवर नेलं. तिथे आता बाभळी आहेत आणि त्यांच्या बुडाशी दगड. ऊन एवढं होतं की सावल्याही जमिनीला चिकटून बसल्या होत्या. एखादा पक्षी, एखादी शेळी, काहीतरी असायला हवं होतं. वारा नसतानाही तिथे बाभळीच्या वाळलेल्या शेंगा मात्र मधूनच वाजत होत्या, आणि दरवेळी वाटायचं, कोणीतरी बोलायच्या आधी घसा साफ करतंय.

सर वाट न शोधता चालले. एका सपाट जागी येऊन उभे राहिले. तिथे घर होतं असं दाखवणारं काहीच नव्हतं.

त्यांनी हाक मारली. बहिणीचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि ते मी इथे लिहिणार नाही. त्यांनी ती एकदाच मारली. आधीच्या दोन फार पूर्वी होऊन गेल्या होत्या.

मग ते थांबले. मान तिरकी करून, जसे ऑफिसात थांबायचे तसे.

ते थांबणं मला सोसवेना. एवढ्या वयाचा माणूस उन्हात कान देऊन उभा होता आणि त्याला हवं होतं एक अक्षर. ते माझ्या घशाशी आलं होतं. मी त्यांच्या पाठीशी उभी होते, हळूच ओ दिली असती तर आवाज कुठून आला हे त्यांना कळलं नसतं, किंवा त्यांनी कळून घेतलं नसतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. ते नाव दुसरीचं होतं. त्याला ओ द्यायचा हक्क माझा नव्हता.

शेंगा वाजायच्या थांबल्या. बऱ्याच वेळाने सर माझ्याकडे न वळता म्हणाले, "तुमाला काई ऐकू आलं का, माय?"

या प्रश्नाचं उत्तर मी लहानपणापासून पाठ केलेलं होतं. तरी ते लगेच दिलं नाही. मीही कान दिला, मनापासून दिला, आणि माझी खात्री होईपर्यंत दिला.

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली. पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, खाली वाकले, आणि त्या जागेवरच्या मातीला हात लावून नमस्कार केला.